टाकीमावशी आणि माझी जुई

टाकीमावशीला माणसाच्या आवाजाआधी ठिबकणाऱ्या नळाचा आवाज ऐकू यायचा. दारातून आत आल्यावर "कशी आहेस, काय चाललंय" वगैरे काही नाही. सरळ स्वयंपाकघरात जाणार, नळ घट्ट पिळणार, मग ओढणीला हात पुसत बाहेर येऊन म्हणणार, "हां, आता बोल की." आमच्या सिंकचा नळ तिच्या पिळण्यानंच बिघडला, असं माझं अजूनही मत आहे.

कतारला, दोह्यात अल हिलाल भागात एका जुन्या व्हिल्याची पार्टिशनं करून मालकानं भाड्याची घरं काढली होती. त्यातल्या एकात आम्ही आणि शेजारच्या घरात टाकीमावशी आणि काका. मधे जिप्समची भिंत, म्हणजे पलीकडं कुकरच्या शिट्ट्या झाल्या की इकडं गॅस बंद करायला मी उठायची. काका एका बांधकाम कंपनीत सर्व्हेयर होते. मावशी मूळची सांगलीकडच्या जतची, मी नाशिकची. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला एकुलती एक जुई.

मावशीविषयी लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला त्या बाईचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, वाटतो. आता ती इथं नाही, तिचे गुडघे गेलेत, ती जतला भावाच्या शेजारी घर घेऊन राहते, तरी तिचा फोन आला आणि जुई तो घेऊन गच्चीवर पळाली की माझ्या पोटात दुखायला लागतंच.

टाकीमावशी हे नाव पोरांनी पाडलं. उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या की आम्ही सगळे रिकाम्या बॅगा घेऊन भारतात जायचो आणि भरलेल्या आणायचो. ही जायची टांझानियाला. डोडोमाच्या पुढं एका कोरड्या गावात शाळेच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायला टाक्या बांधणारा स्वयंसेवकांचा गट होता, त्यात ही दरवर्षी. सिमेंट कालवायचं, जाळी वाकवायची, गावच्या बायकांबरोबर पाट्या उचलायच्या. परत यायची ती हाताला घट्टे आणि चेहरा रापलेला घेऊन. आम्ही परत यायचो ते मसाले आणि वजन घेऊन.

मी एकदा तिला खोचून विचारलंच, "मावशी, तुमच्या जतला उन्हाळ्यात टँकर येतो ना? मग काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?" तिला राग येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "जतला माझे तीन भाऊ आहेत, टाकी कुठं बांधायची यावरच तीन वर्षं भांडतील. तिथल्या बायका म्हणाल्या ये, म्हणून गेले. बोलावलं की जावं गं." मी चहा ठेवला.

घरातही तिचं पाणीपुराण चालायचं. एसीच्या नळीखाली तिची बादली कायम लावलेली. त्या पाण्यावर तिनं कढीपत्त्याचं झाड वाढवलं होतं, दोह्याच्या त्या भाजणाऱ्या अंगणात. माझ्या कुंडीतला कढीपत्ता दर ऑगस्टमध्ये मरायचा. मी नवा आणायची, तो पुढच्या ऑगस्टमध्ये मरायचा. तिच्याकडून पानं मागून आणताना माझ्या जिवावर यायचं, आणि ती मात्र ओंजळभर देऊन वर म्हणायची, "लागली तर अजून ने की."

दोह्यातल्याच नजमा भागात एक रत्नागिरीचे भाई होते, त्यांचं हार्डवेअरचं दुकान. दर मे महिन्यात मावशी त्यांच्याकडं गवंड्याची थापी घ्यायला जायची. एकदा मी बरोबर होते. भाई मला म्हणाले, "भाभी, या बाईंना समजवा जरा. बायका माझ्याकडे हुक नि पडद्याचे रॉड मागतात, या थापी मागतात." आणि तिच्या हातातली थापी काढून घेऊन आतून स्वतः निवडून दुसरी आणून दिली. मला हुक हवे होते. ते त्यांनी नोकराला द्यायला सांगितले.

इथपर्यंत सगळं मी सोसलं असतं. गणपतीत मी उकडीचे मोदक करून न्यायचे आणि मंडळी मोदक तोंडात टाकत तिच्या मोबाइलवर टाकीचे फोटो बघत बसायची, तेही चालवून घेतलं असतं. पण तिनं माझ्या लेकीला लावलेला लळा मला सहन होत नव्हता.

जुई इंग्लिश शाळेतली. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरातला रिवाज. "जेवलीस का?" "यॅह." "काय शिकवलं आज?" "नथिंग." आणि शाळेतून आल्यावर हीच मुलगी दप्तर फेकून भिंतीपलीकडं जायची आणि तिथून मला तिचं हसणं ऐकू यायचं. तेही मराठीत! मावशी तिला टाकीच्या गोष्टी सांगायची, तिकडचे स्वाहिली शब्द शिकवायची, भाकरी थापायला बसवायची. मी इकडं भिंतीला लागून कणीक मळायची. कणीक इतकी तिंबली जायची की त्या काळातल्या माझ्या पोळ्यांची संदीपनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, फार तारीफ केली.

मग एक दिवस जुई आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "आई, ते पातेलं पालथं घाल की." घाल की! माझ्यासारख्या नाशिककरणीच्या घरात माझी लेक जतचं मराठी बोलत होती. मराठी बोलली याचा आनंद मानायचा की कुणाचं बोलली याचं दुःख, मला कळेना. मी म्हणाले, "घाल की काय? घाल ना म्हणावं." जुई म्हणाली, "व्हॉटेव्हर." आनंदाचा प्रश्नच मिटला.

मावशीच्या शेवटच्या वारीच्या उन्हाळ्यात आम्ही भारतात गेलो नव्हतो. त्या वर्षी टाकी पुरी झाली आणि तिनं तिथून व्हिडिओ कॉल लावला. जुई, मी, संदीप, सगळे मोबाइलपुढं बसलो. मावशीच्या मागं लाल माती, नवी गोल टाकी, आणि रंगीत कापडं गुंडाळलेल्या दहा-पंधरा बायका. मावशीनं ओळख करून दिली, "ही शाळेत स्वयंपाक करते. हिच्या मुलीचं नाव नीमा. इथं आईला मामा म्हणतात, म्हणून ही मामा नीमा. बाईला तिच्या नावानं कुणी हाकच मारत नाही इथं, लेकराच्या नावानं मारतात."

तेवढ्यात मागून बायका ओरडायला लागल्या, "मामा जुई! मामा जुई!"

माझं काळीज एवढं मोठं झालं. मामा जुई, म्हणजे मीच की! इतक्या लांब, कधी न पाहिलेल्या बायका मला माझ्या लेकीच्या नावानं हाक मारत होत्या. मी दोन्ही हात हलवले. केस सारखे केले. संदीपला कोपरानं ढकललं. "नमस्कार! नमस्कार!" म्हणाले. बायका पुन्हा ओरडल्या आणि मावशीनं मान वळवून "ओ" दिली.

माझे हात तसेच वर राहिले. मावशी पुन्हा कॅमेऱ्याकडं वळली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. त्या हाका तिला होत्या. इतकी वर्षं ती तिथं मामा जुई होती.

परत आल्यावर ती आमच्याकडं आली. पहिल्यांदाच नळाकडं न जाता खुर्चीत बसली. "वैशाली," ती म्हणाली, "पहिल्या वर्षी त्या बायकांनी विचारलं, तू कुणाची आई? मला कुणाची नाही म्हणता येईना गं. तोंडात जुईचंच नाव आलं."

मी म्हणाले, "तोंडात येणारच. वाढवायला मी आहे ना. आयत्या बिळावर नागोबा."

असं मी बोलले, आणि मला ते तेव्हा बरोबरच वाटलं होतं. कळा मी सोसल्या, रात्री मी जागवल्या, शाळेच्या बसमागं मी धावले, आणि जुईची आई म्हणून मिरवणार ही! मावशीनं वाद घातला नाही. "पुढच्या उन्हाळ्यात गेले की सांगते त्यांना खरं काय ते," एवढंच म्हणाली. मग दारात थांबून म्हणाली, "एक अजून. टाकीच्या ओल्या गिलाव्यावर मी खिळ्यानं जुई असं लिहिलंय. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात तसं. ते मात्र आता पुसलं जायचं नाही."

पुढचा उन्हाळा आलाच नाही. काकांच्या कंपनीचं काम संपलं, माणसं कमी केली, त्यात काका. दोघं सामान बांधून जतला निघाली. निघताना तिनं कढीपत्त्याची कुंडी आमच्या दारात आणून ठेवली, आणि बादली. "बादली भरली की लगेच बदल," म्हणाली. जुई तिच्या गळ्यात पडून हमसून रडली. मधे मी आजारी पडून बरेच दिवस भारतात राहिले होते, तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. मी बाजूला उभी राहून मोजमाप करत होते, दुसरं काय करणार?

जतला तिचे गुडघे गेले आणि टांझानिया संपला. मग जुई कॉलेजात गेल्यावर एका सुट्टीत म्हणाली, "मावशीच्या जागी मी जाते." यावेळी मराठीत म्हणाली, म्हणजे विषय गंभीर होता. मी म्हणाले, जा, पण मीही येणार. लेकीवर लक्ष ठेवायला, असं सगळ्यांना सांगितलं. निघण्याआधी मावशीचा फोन आला. "आता तूच चाललीस, तर तूच सांग त्यांना. तुझा हक्क आहे तो," ती म्हणाली. मी म्हणाले, "बघते." मनात म्हणाले, सांगणार तर आहेच.

गावात पोचलो तर टाकी फोटोतल्यासारखीच होती, थोडी मळलेली. गिलाव्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत जुई. मामा नीमा स्वयंपाकाच्या शेडमधून हात पुसत धावत आली. फोटोंमधून जुईला ती ओळखत होतीच. तिनं जुईला कवेत घेतलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि मग भोवती बघत काहीतरी विचारलं. जुईला तोडकीमोडकी स्वाहिली येत होती, ती मावशीच्याच ओट्यापाशी शिकलेली.

"ती विचारतेय," जुई म्हणाली, "माझी आई का नाही आली?"

मग मामा नीमानं माझ्याकडं बोट केलं आणि आणखी काही विचारलं. ते मला न सांगताही कळलं. ही कोण?

जुई माझ्याकडं बघत राहिली. हीच ती वेळ. एवढ्यासाठी मी दोन विमानं आणि एक हाडं खिळखिळी करणारी बस सोसली होती. लेक माझी, नाव माझं, हक्क माझा, आणि त्या बाईनं स्वतः तो मला परत दिलेला. मामा नीमा अजून माझ्या मागं, बसच्या दाराकडं बघत होती, कुणीतरी उतरायचं राहिलं असेल अशा आशेनं.

"सांग," मी जुईला म्हणाले, "आईचे गुडघे दुखतात म्हणून ती नाही आली. आणि मी तिची शेजारीण."

जुई मामा नीमाकडं वळली. मग तिनं सांगितलं. "जिरानी" असा काहीसा शब्द मला ऐकू आला. मामा नीमानं माझे दोन्ही हात धरले, मला टाकीच्या सावलीत बाकावर बसवलं आणि बोलायलाच लागली. मावशीनं सिमेंट कसं कालवलं, ती किती हसायची, आणि मुख्य म्हणजे तिनं आपली लेक किती गुणाची वाढवली. जुई खाली मान घालून एकेक वाक्य मराठीत सांगत होती. हात चोळत, अडखळत. माझा जळफळाट होत होता. अगदी पहिल्यासारखा, तसूभरही कमी नाही.

मधेच जुई थांबली. तिचे डोळे भरले होते. "आई," ती हळूच म्हणाली, "पुढचं नको सांगू का?"

"सांग की," मी म्हणाले.