सौंसरचे लहान भंतेजी

आमच्या सौंसरच्या विहारात चार बाया वांगी चिरायला बसल्या, की पहिलं वांगं संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "लहान भंते असते तर..." आणि मग किस्सा निघतो. एकीनं सांगितला की दुसरीला आठवतो, तिसरी म्हणते, तसं नव्हतंच झालं. विहाराच्या कपाटात कुणाकुणाच्या घरच्या वाट्या येऊन साचल्यात, कोणती कोणाची हे आता सांगता येत नाही. हे किस्सेही तसेच साचलेत. मी इथल्या शाळेत शिकवते आणि महिला मंडळाचं काम पाहते, त्यामुळे बरेचसे माझ्यासमोर घडले. जे नाही घडले, तेही आता समोर घडल्यासारखेच वाटतात.

लहान भंते म्हणजे थायलंडहून आलेले तरुण भिक्खू. वय तेवीस-चोवीस असेल. आमचे मोठे भंतेजी गुडघ्यांनी बेजार, एकट्यानं विहार झेपेना. त्यांनी नागपूरच्या ओळखीच्या लोकांकडे मदतीला कोणीतरी मागितलं, त्यांनी हे पाठवले. पाली नाव इतकं लांबलचक, की वस्तीत ते कोणाच्याच तोंडात मावलं नाही. पहिल्याच दिवशी ते लहान भंते झाले.

* * *

तो पहिला दिवसच बघा. नागपूरला कोणीतरी त्यांना गाडीत बसवून दिलं, पण इटारसीकडच्या. डब्यातल्या एका भल्या माणसाच्या लक्षात आलं, त्यानं पांढुर्ण्याला उतरवलं. आता उतरून विचारणार कसं? भंते म्हणायचे "सौंसर", पण त्यांच्या तोंडून ते निघायचं "सावसा". लोकांना वाटलं सावरगाव. लोकांनी जाम नदीच्या पलीकडे बोट दाखवलं, हे चिवर सावरत पूल ओलांडून चालत गेले. नशीब, पोळ्याचा दुसरा दिवस नव्हता. नाहीतर गोटमारीतून, म्हणजे दोन्ही काठांच्या दगडफेकीतून, आमच्यापर्यंत डोक्याला टाके घेऊनच पोचले असते.

सावरगावच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं त्यांना सावलीत खुर्ची दिली, चहा पाजला आणि त्यांच्या मोबाइलमध्ये सापडलेल्या नंबरवर फोन लावला. तो नंबर माझा.

"मॅडम, तुमचे एक महाराज चुकून आमच्या इकडं आले. माणूस भला दिसून राहिला. पाठवू का ठेवून घेऊ?"

संध्याकाळी संत्र्यांनी भरलेल्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून लहान भंते सौंसरला उतरले.

* * *

जेवणाचं तर विचारू नका. भिक्खूंचं जेवण दुपारी बाराच्या आत, त्यामुळे वस्तीतल्या घरांनी पाळी लावून घेतली होती. परदेशातलं पोरगं, आपलं तिखट त्याला कुठं सोसणार, म्हणून पहिले काही आठवडे आम्ही जीव लावून फिकं रांधलं. मुगाची खिचडी. बिनमिरचीचं वरण. दुधीची भाजी, तीही नुसत्या जिऱ्यावर. ते खाली मान घालून जेवायचे आणि आशीर्वाद द्यायचे. बारीक होत चालले होते, पण बोलणार काय?

मग एक दिवस पाळी आली शेवंतामायची. शेवंतामाय आमच्या वस्तीतली सगळ्यांत म्हातारी. आयुष्य संत्र्याच्या बागांत मजुरीत गेलेलं, नजर कमी झालेली, पण जीभ तेवढीच धारदार. तिनं खिचडीच्या डब्याऐवजी स्वतःचाच डबा पाठवला, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्या मंडळातली रंजना धावत सुटली डबा बदलायला. पोचली तोवर भाकर संपली होती. भंतेंच्या डोळ्यांत पाणी होतं, नाक लाल झालं होतं, आणि त्यांनी मराठीतलं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं.

"अजून आहे?"

नंतर कळलं, त्यांच्या घरी आपल्यापेक्षा जास्त तिखट खातात. शेवंतामाय म्हणाली, "बाप्पा, इतके दिवस आपण चांगल्या पोराले बिमाराचं जेवण देऊन राहिलो."

* * *

मराठी मी शिकवायचे. विहाराच्या ओसरीत, मोठे भंतेजी शेजारी पेपर वाचत बसलेले. मी शिकवायचे पुस्तकातलं, "मी जात आहे, मी वाचत आहे." भंते वस्तीत फिरून यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, लोक असं नाही बोलत." मग ते लोकांचंच शिकले. जाऊन राहिलो, वाचून राहिलो, झोपून राहिलो. एकदा ते हाती लागलं, की प्रत्येक क्रियापदाला जोडायचे.

मोठ्या कार्यक्रमात त्यांना पहिल्यांदा मराठीत बोलायचं होतं. नागपूरहून पाहुणे आलेले, चांगले सूटबूटवाले. लहान भंते माइकपुढे उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "बुद्ध सांगून राहिले..."

पाहुण्यांत हशा पिकला. भंते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी तोंडावर पदर धरलेला. तेवढ्यात मागून शेवंतामायचा आवाज आला, "हासता कायले? बरोबरच तं बोलला तो. अजून सांगूनच राहिले नं."

 भंते पुढं बोलायला लागले.

* * *

थायलंडची पाली आमच्यापेक्षा वेगळी वाजते. आपण म्हणतो "बुद्धं सरणं गच्छामि", त्यांचं व्हायचं "फुत्थं सरणं खच्छामि". वर्षभरात वस्तीतली सगळी लेकरं "खच्छामि" म्हणायला लागली. मोठ्या भंतेजींनी एका रविवारी सगळ्यांना ओळीनं बसवून सुधारायला घेतलं. रंजनाची लेक उठून म्हणाली, "पण भंतेजी, भगवान बुद्ध लहान भंतेच्या गावावून आले नं? मग त्याईचंच बरोबर अशीन."

मोठ्या भंतेजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं, बसा," म्हणाले.

* * *

बाईनं भिक्खूला हात लावायचा नाही, हे त्यांच्याकडे फार कडक. काही द्यायचं तर ते समोर रुमाल पसरायचे, आपण त्यावर ठेवायचं. आम्ही शिकलो. शेवंतामाय काही शिकली नाही. एकदा पावसात विहारासमोर चिखल झाला होता. तिनं सरळ भंतेंचा दंड धरला आणि नाली ओलांडली. भंते खांबासारखे ताठ.

रंजनानं तिला बाजूला घेऊन समजावलं, "माय, बाईमाणसानं भंतेले हात नाई लावाव."

"मी बाई कुठची? मी तं म्हातारी आहो."

 यावर तोड भंतेंनीच काढली. दुसऱ्या दिवसापासून ते छत्री घेऊन यायचे, एक टोक त्यांच्या हातात, एक शेवंतामायच्या. असे दोघं नाली ओलांडायचे. ऊन असलं तरी छत्री बंदच, कारण ती त्यासाठी नव्हतीच.

* * *

सगळे किस्से हसायचेच आहेत असं नाही.

लहान भंते आले होते ध्यान शिकवायला. रोज सकाळी सहाला विहाराचं दार उघडायचे, सतरंज्या अंथरायचे आणि बसायचे. यायचं कोणी नाही. सहा वाजता कोणी कापसाला, कोणी बागेत, कोणी पाण्याच्या नळावर. कार्यक्रमाला गर्दी, भोजनदानाला गर्दी, ध्यानाला एक कुत्रं. तेही दारातच झोपायचं. असं दीड वर्ष चाललं.

एक दिवस शिकवणी संपली तरी ते उठले नाहीत. म्हणाले, "मॅडम, मी इथं काय करून राहिलो?"

वाक्य इतकं अचूक होतं की मी "वा!" म्हणून गेले. मग त्यांचा चेहरा पाहिला. त्यांनी हळूहळू सांगितलं, गावाकडे वडिलांना बरं नसतं, आई एकटीच भातशेती बघते. इथं कोणाला आपली गरज नाही. मोठे भंतेजी गुडघ्याच्या ऑपरेशनहून परत आले की निघणार. खोलीच्या दाराशी भरलेली बॅग दिसत होती.

दोन दिवसांनी शेवंतामायचा म्हातारा गेला.

मोठे भंतेजी नागपूरला दवाखान्यात. अंत्यविधीला लहान भंतेच आले. त्यांनी सुत्तं म्हटली, पण नंतर चार शब्द बोलायचे असतात, ते त्यांना येईनात. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. लोक थोडा वेळ थांबले, मग पांगले. मला त्यांची फार कीव आली.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते शेवंतामायच्या अंगणात दिसले. खुर्चीवर बसलेले, नुसते. ती उंबऱ्यावर. तिसऱ्या दिवशीही. आम्ही सगळे जाऊन तिला समजावत होतो, सगळ्यांनाच जायचं असतं, मनाला लावून घेऊ नका, असं काहीबाही. भंते एक शब्द बोलायचे नाहीत. अंधारून आलं की उठून जायचे.

तेरवीच्या सुमारास मी शेवंतामायला म्हटलं, "माय, भंते रोज येतात, काही सांगतात का?"

"नाई," ती म्हणाली. "बाकीचे सारे बोलाले येतात. ते एकटेच बसाले येतात."

त्यानंतर ती सकाळी सहाला विहारात जायला लागली. सतरंजीवर बसायची, डोळे मिटायची, थोड्या वेळानं विचारायची, "भंतेजी, उघडू का आता?" ते म्हणायचे, "नको." तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून रंजना गेली, रंजनामागे मी, मग अजून दोघी-चौघी. बॅगेबद्दल मी काही विचारलं नाही. एक दिवस ती कपाटावर चढलेली दिसली, एवढंच.

* * *

पुढं व्हिसा संपला आणि ते गेले. वस्तीनं त्यांना संत्र्यांचं पोतं दिलं. जो पोरगा नागपूरच्या विमानतळावर सोडायला गेला होता, तो सांगतो, वजन जास्त भरलं तेव्हा भंतेंनी वाद घातला नाही. लाइनीतल्या प्रत्येकाला एकेक संत्रं वाटत गेले. सामान तपासणाऱ्या बाईंपुढे मात्र आधी रुमाल पसरला, त्यावर संत्रं ठेवलं आणि मागं सरकले. बाईंना वाटलं, काही विकून राहिले.

* * *

आता शेवटचा. हा आम्ही फार सांगत नाही.

ते जाऊन वर्ष झालं असेल. मी आणि रंजना शेवंतामायकडे तिच्या पेन्शनच्या कामासाठी गेलो होतो. माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. समोर निळ्या टी-शर्टातला, केस वाढलेला एक पोरगा. मी कट करणारच होते, तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, जयभीम."

वडील गेले होते. शेती बघायला कोणी नव्हतं. गुरूंची परवानगी घेऊन त्यांनी चिवर उतरवलं होतं. त्यांच्याकडे हे चालतं, त्यात कमीपणा नाही, मोठ्या भंतेजींनी आम्हाला कधीतरी सांगितलंही होतं. तरी रंजना माझ्या कानात म्हणाली, "आता वंदामि म्हणाचं का नाई?" पलीकडे त्यांनीही मान खाली घातली होती.

"आण इकडं," शेवंतामाय म्हणाली. फोन तिनं डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, बराच वेळ पाहत राहिली.

"केसं दाट हायेत रे तुझे."

त्यांना "तुझे" म्हणणारी ती पहिलीच. ते हसले, मग वळून कोणाला तरी हाक मारली. शेताकडची टोपी डोक्यावर असलेली एक बाई स्क्रीनवर आली. त्यांची आई.

आई तिच्या भाषेत बोलायला लागली. शेवंतामाय आपल्या. आई छातीवर हात ठेवून काही सांगायची, गुडघ्याएवढं लेकरू दाखवायची. शेवंतामाय म्हणायची, "हो नं बाई. तसंच असते." मग ही काही सांगायची, ती मान हलवायची. मध्येच दोघींनी डोळे पुसले. मग कशावर तरी दोघी एकदम हसल्या. तो मागं उभा होता, पण भाषांतर करायला मध्ये पडला नाही. चांगला अर्धा तास चाललं.

फोन बंद झाला. शेवंतामायनं पदरानं स्क्रीन पुसली आणि फोन माझ्या हातात दिला.

"माय," मी विचारलं, "काय म्हणत होती त्याची आई?"

"तुमाले कायले सांगू?" ती म्हणाली. "आमचं दोघींचं होतं ते."