दारातलं पायताण

दानम्मा नव्या भाडेकरूचं तोंड नंतर बघायची, आधी पाय. पायांत काय आहे, ते कुठं काढतो, सरळ ठेवतो की भिरकावतो, एवढं बघितलं की माणूस कळतो, असं तिचं म्हणणं. कोल्हापुरात सागरमाळाच्या बाजूला, विद्यापीठापासून चालत जाता येईल अशा अंतरावर तिचं दुमजली घर होतं. खाली ती एकटी राहायची. वर एक खोली, तिला बाहेरून सिमेंटचा जिना. जिना संपला की हातभर जागा आणि मग दार. खाली धुण्याच्या दगडापाशी उभं राहिलं की ती हातभर जागा नीट दिसायची.

त्या गल्लीत कुणी कुणाची कडी उगाच वाजवत नाही. दारात पायताण दिसलं की माणूस घरात, नसलं की बाहेर. दूधवाला, पोस्टमन, वर्गणीवाली पोरं, सगळी आधी दाराखाली बघतात आणि मगच हाक मारतात, नाहीतर पुढं जातात. दानम्माची सगळी हयात याच हिशेबात गेलेली.

त्या जुलैत समोरचा रफिक आपल्या रिक्षातून एका पोरीला घेऊन आला. रंगानं काळीभोर, उंच, केसांच्या बारीक बारीक वेण्या, आणि पायांत घोट्यापर्यंत येणारे जाड बूट. दोन मोठ्या बॅगा.

"मावशी, केनियाची हाय. विद्यापीठात शिकाय आलीया," रफिक म्हणाला. "सकाळधरनं फिरवतोय. चार घरं दाखवली. दारात बघत्यात आन् म्हणत्यात, खोली कालच गेली."

"माझी पण गेली म्हणून सांग."

"तुमची दोन वर्सं रिकामी हाय. सगळ्या गल्लीला ठावं हाय."

दानम्मानं बुटांकडं बघितलं. पोरगी वाकली, बूट काढले, आणि उंबऱ्याच्या कडेला जोडीनं सरळ ठेवले.

"नाव काय म्हणे?"

"नीमा," पोरगीच म्हणाली.

"नीमा? हे तर आपल्यातलंच की," दानम्मा म्हणाली, आणि किल्ली काढायला आत गेली. किल्ली लगेच सापडली. तिला वाटलं होतं, सापडणार नाही.

नीमाला थोडं हिंदी यायचं, दानम्मालाही थोडंच. उरलेलं दोघी हातांनी बोलायच्या. त्या संध्याकाळी वरच्या खोलीत दानम्मानं तिला सगळं सांगितलं. पाणी उकळूनच प्यायचं. अंगावर ओले कपडे ठेवायचे नाहीत, इथली हवा वाळू देत नाही. खोलीत मटण शिजवायचं नाही, आमच्यात चालत नाही. बाहेर जाऊन पोटभर खा, पण पहिल्या आठवड्यात तांबड्या रश्श्याच्या वाटेला जाऊ नको, पांढरा पी. रिक्षात बसायच्या आधी भाडं विचार, अडलीस तर रफिकचा नंबर लाव. पासपोर्टच्या झेरॉक्स करून एक संच घरात, एक पिशवीत. पोलिसात नोंद करायची असते, ती राहिली तर पुढं तूच हेलपाटे घालशील. उद्या रफिक नेईल. कुणी ओळखीचं नसेल तर दार उघडायचं नाही.

"आणि पायताण बाहेर," दानम्मा शेवटी म्हणाली. "रात्र असो, दिवस असो. तू आत, तर पायताण बाहेर."

"का, अव्वा?" दानम्माला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचं, हे रफिक जाताना शिकवून गेला होता. "बूट महाग आहेत. कुत्रा नेईल."

"नेऊ दे."

का, ते दानम्मानं सांगितलं नाही. पोरगी पहिल्याच दिवशी घाबरली असती.

दोन वर्षांपूर्वी त्या खोलीत बराका होता. टांझानियाचा, हसरा, जिन्यावरून दोन दोन पायऱ्या गाळत उतरणारा. आल्या आल्या त्यानं चप्पल लाईनमधून करकर वाजणारं कोल्हापुरी पायताण घेतलं आणि गल्लीभर वाजवत फिरला. पोरं त्याच्या मागनं चालायची. डाव्या पायाचा पट्टा उसवला तेव्हा दानम्मानंच आपल्या इरकली लुगड्याच्या काठाच्या हिरव्या धाग्यानं तो शिवून दिला. मग गल्लीतल्या कुत्र्यानं कुणाची तरी चप्पल पळवली, आणि बराका आपलं पायताण खोलीत उशाशी ठेवायला लागला. त्यात त्यानं सांगून ठेवलेलं, सुट्टीत मित्रांबरोबर गोव्याला जाणार. दारात पायताण दिसेना, तेव्हा दानम्मा धरून चालली की गेला गोव्याला. ती खाली भाकऱ्या थापत होती, धुणं धूत होती, आणि वर बंद दाराआड तो डेंग्यूच्या तापात पडून होता. रफिकनं कडी तोडली तेव्हा उशीर झाला होता. त्याचा भाऊ आला आणि सामान घेऊन गेला. पायताण तेवढं राहिलं. घरात त्याच्याकडं बघवेना, म्हणून शेजारच्या झुंबरबाईनं सांगितलं तसं दानम्मानं ते जोतिबाला नेलं, डोंगरावर पायऱ्यांच्या कडेला सोडलं, आणि मागं न बघता एस.टी.त येऊन बसली.

आता ही नीमा. दानम्मानं मनाशी एकच धरलं होतं: ही पोरगी आपल्या पायांनी घरी परत गेली पाहिजे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला दानम्मा दिवा लावून लिंगपूजेला बसली होती. दार रिवाजाप्रमाणं उघडं होतं. जिन्यावर आवाज आला. कर्र, कर्र. सावकाश, एकेक पायरी घेत वर गेला. पोरीनं पायताण घेतलं वाटतं, असं तिला वाटलं. येणारी सगळी पोरं घेतातच.

सकाळी तिनं विचारलं. नीमानं मान हलवली. "नाही अव्वा. माझे बूटच." आणि बूट दाखवले.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पुन्हा कर्र, कर्र. वर गेला. ती पूजा सोडून ऐकत बसली. वर जाणारा आवाज यायचा, खाली उतरणारा कधीच नाही. बाहेर येऊन जिन्याकडं बघावं एवढा धीर तिला झाला नाही. वर हातभर जागेत नीमाचे बूट आहेत, एवढं ती सकाळी उठून बघायची आणि मगच कामाला लागायची.

असे दोन महिने गेले. नीमा शिकली. भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली, "व्हय की" म्हणायला लागली. मग एका दुपारी तो मेला कुत्रा आलाच. नीमाचा एक बूट त्यानं गटारापर्यंत ओढत नेला. नीमानं बूट धुतला, वाळवला, आणि दानम्माला न सांगता दोन्ही आत घेतले.

गणपती जाऊन आठवडा झाला होता. नीमाची वर्गमैत्रीण शबनूर हुपरीची. तिच्या घरी चांदीचे पैंजण करतात. रविवारी तिकडं जायचं, मुक्काम करायचा, हे नीमानं चार वेळा सांगितलं होतं. शनिवारी संध्याकाळी दानम्मानं धुण्याच्या दगडापासून वर बघितलं. हातभर जागा रिकामी. एक दिवस आधीच गेली म्हणायची. फोन लावला, बंद. चार्जर विसरली असेल. हेच, असंच, आपण मागं एकदा मनाशी म्हणालो होतो, हे तिच्या ध्यानात आलं. पण जागा रिकामी होती. रिकामी जागा म्हणजे गेलेलं माणूस. जन्मभराची नजर एका फटक्यात बदलत नाही.

रविवारी तिन्हीसांजेला, वर कुणी नसताना, जिना वाजला. कर्र, कर्र. या वेळी आवाज वर जाऊन थांबला नाही. दारापुढं येरझाऱ्या घातल्यासारखा इकडून तिकडं फिरत राहिला. दानम्मानं पूजेचं इष्टलिंग मुठीत घट्ट धरलं आणि दिव्यातलं तेल संपेपर्यंत जागची हलली नाही.

सकाळी ती धुणं घेऊन दगडाशी गेली. मान वर करायची नव्हती, पण केली.

वर पायताण होतं. एक जोड, जुनं, काळं पडलेलं. चवडे दाराकडं.

दानम्मानं बादली तिथंच ठेवली आणि रस्त्यापलीकडं हाक मारली. रफिक दात घासत होता, तसाच आला.

"काय ओ मावशी, साप निघाला काय?"

"वर बघ."

रफिकनं बघितलं. "पायताण हाय. मग?"

"पोरगी हुपरीला गेलीया."

"पायताण हाय म्हंजे माणूस घरात हाय. तुमचाच कायदा. सगळ्या गल्लीला पाठ करून ठेवलाय."

"रफिक, ते तिचं न्हाय."

"मग कुणाचं? माझं?" तो हसत जिना चढला. दानम्मा मागून गेली. वरच्या पायरीवर तो वाकला आणि त्याचं हसू गेलं. डाव्या पट्ट्यावर हिरव्या धाग्याचे टाके होते. त्यानं पायाच्या बोटानं एक पायताण उलटं केलं. तळाला गुलाल लागला होता. गुलाबी, ओलसर, जोतिबाच्या पायऱ्यांवर असतो तसा.

"मावशी," तो हळू म्हणाला, "हे तुम्ही सोडून आलता न्हवं?"

दानम्मानं दारावर दोन्ही हात मारले. "नीमा. ए नीमा. मी अव्वा हाय, उघड."

आत काहीतरी सरकलं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. पोरगी दाराला धरून उभी होती, ओठ सुकलेले, अंग चुलीसारखं. मागं पलंगाखाली बूट जोडीनं ठेवलेले.

रफिकनं तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं. डेंग्यूच निघाला. आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं, म्हणाले. रफिकची बायको हाफिजा रोज भाताची पेज करून न्यायची. दानम्मा खाटेशेजारी बसून राहायची आणि नीमाचे पाय चेपायची.

बरं वाटल्यावर नीमानं आपणहून सांगितलं. "शनिवारी ताप आला. शबनूरला कळवलं, येत नाही. मग फोन मेला. मला उठवेना."

"हाक मारायची होतीस."

"आवाज निघत नव्हता. पण बाहेर कुणीतरी होतं, अव्वा. दारापाशी फिरायचं. मला वाटलं तुम्ही. मग वाटलं तुम्ही नाही, तुमची चाल अशी नाही. त्यानं दार वाजवलं. तुम्ही सांगितलं होतं, ओळखीचं नसेल तर उघडायचं नाही. मी उघडलं नाही."

"बोललं काही?"

नीमानं विचार केला. "आमच्या भाषेत बोललं. स्वाहिलीत. म्हणालं, बूट बाहेर ठेव."

दानम्मानं तिचे पाय पदराखाली घेतले.

घरी आल्यावर नीमाचे बूट दाराबाहेर आले, ते कायमचे. त्यांच्या शेजारचं पायताण काढून टाकायला कुणी पुढं झालं नाही. रफिक म्हणाला, नदीत सोडूया. दानम्मा म्हणाली, राहू दे. दानम्मा आता केवळ दगडापासून बघून थांबत नाही. रोज सकाळी जिना चढते, फडक्यानं दोन्ही जोड पुसते, आणि दारातून नाव घेऊन हाक मारते. नीमा आतून ओ देईपर्यंत खाली उतरत नाही. जुन्या पायताणाच्या तळाला कधी धूळ असते, कधी चिखल. पाऊस नसतानासुद्धा.

दिवाळीला जयसिंगपूरहून तिचा मुलगा राजशेखर आला. अंगणात उभा राहून वर बघत म्हणाला, "अव्वा, वर दोघं ठेवलीस व्हय?"

दानम्मा धुणं पिळत होती. "भाडं एकाचंच येतंय," ती म्हणाली.