एका प्रश्नाचं वर्ष

लिफ्ट तपासायचं काम करणाऱ्या त्या माणसाला खात्यात सगळे 'पुन्हाबघू' म्हणायचे. दोर नवाकोरा असो, ब्रेक कालच बदललेला असो, तपासून झालं की हा म्हणायचा, "पुन्हा एकदा बघू." सव्वीस वर्षांत त्याने पास केलेली एकही लिफ्ट अडकली नव्हती, त्यामुळे कामावर कोणी त्याच्या वाटेला जात नसे. पंचाईत घरी होती. घरातल्या माणसांनाही तो दोरासारखंच ओढून बघायचा. बायको बाजारातून आली की उशीर का झाला, कोण भेटलं, ती तिकडे कशाला आली होती. मुलगी परगावी शिक्षिका होती. तिने फोनवर काही सांगितलं की हा तिच्या मैत्रिणीला फोन करून ताडून बघायचा. हळूहळू मुलगी हवापाण्यापलीकडे काही सांगेनाशी झाली. धाकट्या भावाशी तर बारा वर्षं बोलणंच नव्हतं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुलगी घरी आली होती. चहा झाल्यावर तिने वही काढली. "प्रत्येकाने नव्या वर्षात स्वतःत एक सुधारणा करायची. मी पोहायला शिकणार. आई, तू?"

"मी एक काम हाती घेतलंय, ते तडीस नेणार," आई म्हणाली. "कोणतं ते विचारायचं नाही."

त्याने कान टवकारले. पण मुलीने मोर्चा त्याच्याकडे वळवला. "बाबा, तुमचं मी लिहिते. एका वेळी एकच प्रश्न. मिळेल ते उत्तर खरं मानायचं."

"आणि उत्तर खोटं असलं तर?"

"हा झाला दुसरा प्रश्न," मुलगी म्हणाली. बायको इतकी हसली की त्याने चिडून वहीवर सही ठोकली.

पहिला आठवडा त्याने जीभ चावत काढला. नव्या वर्षापासून गुरुवारची त्याची कामं घराजवळ आली होती, म्हणून तो दुपारी जेवायला येऊ लागला. त्या गुरुवारी तो हात धूत होता, तेवढ्यात बायको कापडी पिशवी घेऊन निघाली.

"कुठे निघालीस?"

"शिवणवालीकडे. तुमचं ताट झाकून ठेवलंय."

प्रश्न संपला. पण शिवणवालीकडे जाताना ही कधी केस विंचरून जात नसे. पुढच्या गुरुवारीही तेच. त्या संध्याकाळी तिच्या हातांना मालिशच्या तेलाचा वास येत होता. ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने पिशवी उघडली. आत एक लाल रबरी चेंडू आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं होती: बादली, चमचा, खुर्ची. प्रत्येकाखाली तिच्याच अक्षरात मोठ्ठं नाव लिहिलेलं. त्याच्या मनात पाल चुकचुकली. घरात लहान मूल नाही. मग चेंडू कोणाचा? तेल कोणाला? कोणा भोंदूच्या नादी तर लागली नाही ना? की तिचं दुसरंच कुठे गोत आहे, जे आपल्याला ठाऊकच नाही?

दुसऱ्या दिवशी त्याने शिवणवालीला फोन लावला.

"ती? दोन महिन्यांत फिरकली नाही. का हो, काही झालं का?"

"नाही, सहज," म्हणून त्याने फोन ठेवला. सही केलेली वही त्याला आठवली, पण उत्तरच खोटं निघालं म्हटल्यावर कसली वही आणि कसली सही.

पुढच्या गुरुवारी तो ताटावर बसलाच नाही. बायको कोपऱ्यावर वळली तसा मागोमाग निघाला. ती एका जुन्या, तीन मजली इमारतीत शिरली. इमारतीला लिफ्ट नव्हती. वरचं दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा हा दबक्या पावलांनी जिना चढला आणि दाराला कान लावून उभा राहिला.

"म्हणा, चमचा," आत बायको म्हणत होती. "घाई नाही."

"च... चम..." पुरुषाचा आवाज. जड, चिखलातून पाय काढल्यासारखा. पण त्यातली खरखर त्याने ओळखली.

"शाब्बास भावजी. आता चेंडू दाबा. उजव्या हाताने."

तो पायरीवर बसला. बारा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा त्यांचं मनगटी घड्याळ सापडेना. त्याने सगळ्या नातेवाइकांसमोर धाकट्याला बॅग रिकामी करायला लावली होती. घड्याळ बॅगेत नव्हतं. पुढे महिन्याभराने ते त्याच्याच जुन्या कोटाच्या फाटक्या अस्तरात मिळालं. त्याने ते एका डब्यात टाकलं आणि कोणाला अवाक्षरही सांगितलं नाही.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. दार उघडलं. बायको समोर उभी होती.

"केव्हापासून बसलात?"

"याला काय झालंय?"

"दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. जाऊबाई कामावर जातात, गुरुवारी दुपारी घरी कोणी नसतं. तुम्हाला सांगितलं असतं, तर आधी त्यांचा आजार खरा का ते विचारलं असतंत."

तो उठून आत गेला.

भाऊ खिडकीपाशी बसला होता. बारीक झालेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "दादा." हा शब्द मात्र अडला नाही.

"घड्याळ माझ्याच कोटात होतं," तो उभ्या उभ्या म्हणाला. "महिन्याभरातच सापडलं होतं. मी सांगितलं नाही."

भाऊ बराच वेळ शब्द शोधत राहिला. ओठ हलले, थांबले. "उ... उशीर."

रागाने म्हणाला की नुसतंच म्हणाला, हे त्याला कळेना. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने खुर्ची पुढे सरकवली आणि चेंडू त्याच्या हातात दिला. "बसा. भावजींकडून दहा वेळा दाबून घ्यायचाय."

तेव्हापासून गुरुवारी दोघं बरोबर जाऊ लागले. भाऊ वहिनीशी हसायचा, याच्याशी कामापुरतं. मनात अढी आहे की थकवा, हे हुडकत हा त्याचा चेहरा न्याहाळत बसायचा. भावाला व्यायाम शिकवायला अधूनमधून एक बाई यायच्या, त्यांना तर त्याने, तुम्ही हे कुठे शिकलात, म्हणून दोनदा विचारलं. बायकोने डोळे वटारल्यावर गप्प झाला.

उन्हाळ्याच्या तोंडावर भाऊ पहिल्यांदा जिना उतरायला निघाला. हा मागून त्याचा पट्टा धरून होता आणि प्रत्येक पायरीवर "थांब, थांब" करत होता. दुसऱ्या मजल्यावर भाऊ खरंच थांबला. कठडा धरून, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "दादा... मी... पडत... नाही. सोड."

त्याने पट्टा सोडला. खाली पोचायला आणखी पाव तास लागला. फाटकाशी बायको आणि जाऊबाई वाट बघत उभ्या होत्या.