सळईने बोलणारा

रियाधला अल मलाझमध्ये मुलाच्या घराखाली एका अफगाणाचा तंदूर आहे. रोटी चांगली, पण माणूस तोंड उघडत नाही. कोणी पुढे घुसलं की लोखंडी सळईने रांगेचं शेवटचं टोक दाखवतो. मलाही दाखवलं.

एकदा मी मोडक्या हिंदीत विचारलंच, "तोंडाला काय झालंय तुझ्या?"

तो रोटी थापत म्हणाला, "अम्मा, लढाईत आमच्या गावात हेलिकॉप्टरमधून सैनिक उतरले. त्यांना बंडवाल्यांचा म्होरक्या हवा होता. तो माझ्याच दुकानात रोटी घ्यायला आलेला. तो नोकर वाटावा म्हणून मी ओरडलो, ए आळशी, पीठ मळ! बाकीच्यांना दरडावलं, भिंतीला टेकून बसा! सगळ्यांनी मुकाट ऐकलं. सैनिकांना वाटलं, हुकूम सोडतो तोच म्होरक्या. मलाच उचललं. दोन वर्षं तुरुंगात होतो."

"आणि तो?"

"वाचला. पण बायको सांगते, सगळं पीठ पातळ करून पळाला."

तुरुंगाचं त्याने शांतपणे सांगितलं होतं. पिठाचं सांगताना मात्र कपाळावर शीर उठली.

बोलता बोलता मी दोन माणसं पुढे सरकले होते. त्याने सळई उचलली. मी मागे गेले.