विचारून उघडायची यादी

गांगुर्डे काका गेल्याचा निरोप मला त्यांच्याच नंबरवरून आला. सात महिन्यांनी फोनवर त्यांचं नाव दिसलं, आणि खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं... चला, शेवटी काकांनीच आधी बोलायचं ठरवलं. मग मजकूर वाचला. 'बाबा आज सकाळी गेले. अंत्ययात्रा चार वाजता, इंदिरानगरच्या घरून. नीलेश.' नीलेश त्यांचा मुलगा, पुण्याला एका कंपनीत असतो. वडिलांच्या फोनमध्ये जेवढे नंबर होते तेवढ्या सगळ्यांना त्याने तोच निरोप पाठवला होता. मी गेले, मागच्या रांगेत उभी राहिले, बुद्धवंदना झाली तेव्हा ओठ हलवले आणि कुणाशी न बोलता घरी आले. याला आता सहा आठवडे झाले. सात महिने आम्ही का बोललो नाही, हे या सहा आठवड्यांत मी मनातल्या मनात इतक्या वेळा मांडून पाहिलंय की आता स्वतःची बाजू घ्यायचासुद्धा कंटाळा आलाय.

काका एका सरकारी कार्यालयात बारनिशीवर कारकून होते. बाहेरून येणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या टेबलावर यायचं, त्यावर आवक क्रमांक पडायचा आणि मग ते ज्याचं त्याच्याकडे जायचं. तीस-बत्तीस वर्षं हेच. निवृत्तीनंतर नीलेशने आपला जुना कॉम्प्युटर त्यांना आणून दिला, तेव्हा त्यांनी त्यावर ना पिक्चर पाहिले ना पत्ते खेळले. मजकूर लिहिण्याचा एक साधा, काळ्या पडद्याचा एडिटर ते शिकले, तोही प्रिंट काढलेली माहिती पेन्सिलने खुणा करत वाचून. माझे वडील आणि ते चळवळीतले जुने सोबती. वडील पत्रकं लिहायचे, काका ती सायकलवरून वाटायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. अक्षरओळख मला त्यांवरच झाली, आणि 'जाहीर निषेध' हे शब्द मी 'कमळ'च्या आधी वाचले असं आई अजून सांगते. वडील वारल्यावर ते गठ्ठे घेऊन मी काकांकडे गेले आणि म्हटलं, काका, हे वाळवी खाईल. ते म्हणाले, "पत्रकं राहतील गं. त्यांत ज्यांची नावं आहेत ती माणसं चाललीत. त्यांना बोलतं कर."

असं आमचं काम सुरू झालं. मी फोन घेऊन वस्त्या-वस्त्यांवरून, देवळ्यापासून मालेगावच्या पलीकडपर्यंत फिरायची, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून आणायची. काका पत्रकं स्कॅन करायचे, रेकॉर्डिंग ऐकायचे आणि एडिटरमध्ये एक लांबलचक यादी लिहायचे. यादीतल्या प्रत्येक ओळीला फाईलची लिंक. पण नुसती फाईल उघडून त्यांचं समाधान होईना. दोन तासांच्या बोलण्यात, समजा, विहिरीचा विषय नेमका कुठे आहे, हे शोधत बसायचं का? मग त्यांनी नियम लिहिले. लिंकमधल्या नावाचा नमुना एडिटरने तपासायचा आणि तो ज्या नियमाशी जुळेल त्याप्रमाणे फाईल उघडायची. स्कॅन केलेल्या पत्रकाची फाईल असेल आणि नावापुढे आकडा असेल, तर तो आकडा उचलून थेट तेवढंच पान समोर आणायचं. आवाजाची फाईल असेल आणि पुढे मिनिटं-सेकंद असतील, तर बरोबर तिथूनच वाजवायची. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा त्यांनी मला घरी बोलावून घेतलं आणि एका ओळीवर एंटर दाबलं. देवळ्याच्या कांदा निवडणाऱ्या एक आजी मधल्याच वाक्यापासून बोलायला लागल्या. काका खुर्चीला टेकून म्हणाले, "पत्र बरोबर टेबलावर गेलं." माझ्या फाईलींची नावं मात्र कायम चुकायची. कुठे तारीख नाही, कुठे गाव नाही. नमुना जुळायचा नाही, काही उघडायचं नाही, आणि काका फोन करायचे, "क्रांती करायची ती कर, पण फाईलचं नाव नीट दे."

भांडण झालं ते एका नियमावरून. काही जण मोकळेपणाने बोलून झाल्यावर म्हणायचे, सांगितलं खरं, पण कुणाला ऐकवण्याआधी मला विचारा. अशा फाईलींच्या नावाची सुरुवात काका 'विचारून' या शब्दाने करायचे. आणि त्यांनी नियम लिहिला की नावाची सुरुवात 'विचारून'ने होत असेल, तर ती फाईल आवाजाची असो की कागदाची, ती उघडायचीच नाही. तिच्याऐवजी एक टिपण उघडायचं. माणसाचं नाव, गाव, कधी जावं, कसं विचारावं. हा नियम सगळ्यांत वर, कारण एडिटर नियम वरून खाली वाचतो आणि पहिला जो जुळेल तिथेच थांबतो. "बारनिशीत असंच असतं," ते म्हणाले. "लिफाफ्यावर गोपनीय लिहिलंय का, हे आधी बघायचं. मग विभाग. आधी विभाग बघितलास तर गोपनीय पत्र दहा टेबलं फिरून येतं." मला ते पटलं नाही. मी म्हटलं, "काका, या लोकांचं आजवर कुणी ऐकलं नाही. आता आपणच त्यांच्या तोंडावर हात ठेवायचा? कारकुनी आहे ही." ते चिडले नाहीत. "कारकूनच आहे मी," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मग तो रविवार आला. शहरातल्या एका सभागृहात सकाळी आमच्या संग्रहाचा कार्यक्रम होता, शंभरेक माणसं आली होती. यादी आणि नियम मी माझ्या लॅपटॉपवर घेतले होते, पण माझ्याकडे आवाजाच्या फाईली वाजेनात. घाईत मी स्वतःचा एक नियम लिहिला, आवाजाची कुठलीही फाईल माझ्या प्लेअरमध्ये उघडायची, आणि नक्की चालावा म्हणून तो सगळ्यांत वर टाकला. चालला. कार्यक्रम रंगात आला असताना कुणीतरी विचारलं, मालेगावकडच्या बायकांचं काही आहे का? मी शोधलं आणि पहिल्या ओळीवर एंटर दाबलं. नाव नीट वाचलंही नाही. विचारायचं असेल तर टिपण येईलच, असं मनात कुठेतरी होतं. ज्या नियमाला मी कारकुनी म्हणत होते त्याच्याच भरवशावर मी होते, आणि त्याच्या डोक्यावर मीच माझा नियम ठेवला होता.

आवाज सुरू झाला तो एका मावशींचा. पुढचं त्यांनीच छापायला परवानगी दिली आहे म्हणून लिहिते. नाव आणि गाव मात्र नको म्हणाल्या. गावच्या विहिरीवर पाणी भरू न देण्यावरून फार पूर्वी खटला झाला होता, आणि या मावशी साक्ष द्यायला उभ्या राहिल्या म्हणून माझ्या वडिलांनी त्यांच्या कौतुकाचं पत्रक काढलं होतं. लहानपणी मला ते तोंडपाठ होतं. पत्रक निघालं ते साक्षीच्या आधी. पुढे खटला पडला. का पडला, हे कुणी विचारलं नाही, पत्रक तेवढं राहिलं. आणि आता सभागृहात मावशी म्हणत होत्या, "कोर्टात मी म्हटलं, मी काहीच पाहिलं नाही. घाबरले मी."

त्या क्षणी मी बंद करू शकत होते. बोट तिथेच होतं... मी केलं नाही. खरं आहे ना, मग ऐकू दे सगळ्यांना, असं काहीतरी डोक्यात भिनलं होतं. अर्धा मिनिट तरी ते चाललं. तिसऱ्या रांगेतला एक माणूस उठला, "ही माझी मावशी आहे," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला. तेव्हा मी बंद केलं. काका उभे राहिले, लोकांकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे. नियम मी लिहिलेत." आणि तिथूनच, न जेवता, मावशींच्या गावाला जायला एसटी स्टँडवर निघाले. मी मागे धावले. म्हटलं, फोन करा ना. ते म्हणाले, "हे फोनवर सांगायचं नसतं." मी येते म्हटलं, तर म्हणाले, "तू येऊ नको. तू तिथे भांडशील."

ते पोचले तोवर भाच्याचा फोन मावशींना येऊन गेला होता. दार बंद होतं. काका ओट्यावर बसून राहिले, संध्याकाळच्या सुमारास दार उघडलं. हे मला नंतर नीलेशकडून कळलं. मला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "बोललो त्यांच्याशी." मी विचारलं, "रागावल्या का?" ते म्हणाले, "ते तू त्यांना विचार." मला वाटलं, हा टोमणा आहे. मी फोन ठेवला, आणि पुढे सात महिने त्यांना केला नाही. त्यांनीही केला नाही. रागाने नाही, हे आता कळतंय.

गेल्या आठवड्यात नीलेशने मला घरी बोलावलं. कॉम्प्युटर दाखवून म्हणाला, "ताई, हे सगळं इंटरनेटवर टाकू या का? बाबांच्या नावाने. लोकांना मिळेल तरी." वर्षापूर्वी हे मीच म्हटलं असतं. मी यादी उघडली आणि त्या मावशींच्या ओळीवर एंटर दाबलं. काकांचा नियम जागेवर होता. आवाज आला नाही, टिपण आलं. नाव, गाव, आणि खाली त्या रविवारची नोंद. 'भेटलो. माफी मागितली. म्हणाल्या, ज्या पोरीने ऐकवलं तिने यावं. तिला निरोप देऊ का विचारलं. म्हणाल्या, नको, तिला वाटेल तेव्हा येईल. म्हणून सांगितलेलं नाही.' मी ते तीनदा वाचलं. नीलेश म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "इंटरनेटचं नंतर बघू. आधी मला मालेगावला जाऊन येऊ दे."

मावशी ओट्यावरच होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला नीट पाहून घेतलं. "तूच का ती? बठ." मग, "तो बाबा बरा शे ना?" नीलेशचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. माझ्याकडूनच कळलं. मी माफी मागितली, तयार करून नेलेली सगळी वाक्यं विसरून. त्या म्हणाल्या, "सगळ्या हॉलनी आयकं. माले आयकाडं का कोनी?" खरंच, त्यांचं बोलणं त्यांना आम्ही कधी ऐकवलंच नव्हतं. काकांनीही नाही. मी फोनवर लावलं. स्वतःचा आवाज ऐकून त्या आधी हसल्या, "हाऊ मना आवाज शे?" मग हसू गेलं. संपल्यावर म्हणाल्या, घाबरले म्हटलं ते खरं, तेवढं लिही, तुझ्या बापाच्या पत्रकाशेजारी लाव. नाव नको. "पन पुढचं तर मी त्यात सांगंच नही." माझा हात सवयीने रेकॉर्डिंगच्या बटणाकडे गेला. त्यांनी तो पाहिला. "ते ठेव बाजूले. पहिले तुले सांगसू."

मी फोन बंद केला, पिशवीत टाकला. त्या तासभर बोलल्या. ते इथे नाही.

परत आल्यावर काकांच्या खुर्चीत बसून मी त्या दुपारची एक ओळ यादीत घातली. फाईलचं नाव 'विचारून'ने सुरू होतं, तारीख आहे, रेकॉर्डिंग नाही. त्या ओळीवर एंटर दाबलं की माझं टिपण उघडतं. 'मावशींनी हे मला सांगितलं आहे. ऐकायचं असेल तर त्यांच्याकडे जावं. दुपारी जाऊ नये, झोपतात. चहाला नाही म्हणू नये.'