आजीचं माहेरचं नाव

माझा नवरा डेन्मार्कचा. आठवडाभर इथं आखातात, मेसईदच्या कारखान्यात राबतो आणि शुक्रवार आला की लॅपटॉप उघडून पूर्वजांच्या मागे लागतो. त्याच्या गावच्या चर्चमधल्या जुन्या नोंदवह्या आता इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, सगळं पाद्र्याच्या किरट्या अक्षरात. बाहेर आमच्या ओल्ड एअरपोर्ट वस्तीतलं ऊन नुसतं भाजून काढत असतं आणि हा एसीत बसून कुणा मेलेल्या बाईसाठी जीव टाकत असतो. "अरे बाबा, जिवंत बायकोला भाजी तरी आणून दे," म्हणून मी करवादायचे.

एकदा त्यानं मला ओढूनच बसवलं. त्याची खापरपणजी सापडली होती. दुसऱ्याच्या शेतावर गाई पिळायची. तिला देवीची लस टोचल्याचं, बाप्तिस्म्याला तिला कुणी हातात धरलं होतं, तेसुद्धा लिहून ठेवलेलं. लग्न झालं, मुलं झाली, तरी मरेपर्यंत नाव बापाच्या घरचंच.

"तेव्हा आमच्याकडे बायका नाव बदलत नसत," तो म्हणाला.

आमची लेक मागे उभी होती. तिला मराठी कळतं, उत्तरं मात्र इंग्रजीत. तिनं विचारलं, तुझ्या बाजूचं काय?

"थांब, आत्ता विचारते," मी तोऱ्यात म्हटलं आणि नाशिकला आईला फोन लावला. "आई, आजीचं माहेरचं नाव काय होतं गं?"

"आडनाव सांगते की."

"आडनाव नको. लग्नात तांदळात नवीन नाव लिहिलं, त्याच्या आधीचं."

"अगं बाई," आई म्हणाली, "मला नाही गं ठाऊक. तिचे आईबाप लवकर गेले, माहेर असं राहिलंच नाही. आमचे बाबा तिला म्हणायचे 'अगं ऐकलंस का', आम्ही आई, बाकी सगळी आळी काकू."

आईनं मग उरलेसुरले नातेवाईक फोनवर पिंजून काढले. माझ्या भावाला रामकुंडावर तिच्या माहेरच्या उपाध्यायांकडे पिटाळलं. त्यांच्या वहीत कितीतरी पिढ्यांचे पुरुष ओळीनं निघाले. आजीही होती, आजोबांच्या खाली, सासरच्या नावानं.

पुढच्या शुक्रवारी आईचाच फोन आला. "मीच करंटी. शेवटी शेवटी तिची वेणी घालून देत होते रोज. तासन्‌तास बसायचो दोघी. पण कधी म्हणून विचारलं नाही, की आई, तू लहानपणी कोण होतीस."

मला तरी कुठं सुचलं? दर सुट्टीत तिच्या कुशीत झोपायचे आणि राजाराणीच्या गोष्टी मागायचे.

"माझं तरी लिहून घे बाई," आई म्हणाली आणि तिनं स्वतःचं माहेरचं नाव सांगितलं. मला ते माहीत होतं. मामा तिला त्याच नावानं हाक मारायचा. "दादा गेल्यापासून कुणी म्हटलं नाही गं. तू मार बघू एकदा हाक."

आईला नावानं हाक मारायची! माझी जीभच उचलेना.

"अगं, मार की."

मारली.

"ओ," आई म्हणाली, ताबडतोब, लहान मुलीच्या आवाजात. मग तिला रडू फुटलं, मलाही. आजीलाही अशी एक हाक मारावीशी वाटली फार. पण काय म्हणून मारणार?