विन्स्टर हॉटेल आणि उल्काताईंचं 'नको'

उल्का पारसनीस नॉटिंगहॅमच्या विन्स्टर हॉटेलात खोल्या आवरायला लागल्या, तेव्हा त्या नव्या नवरीच होत्या. नवरा उदयराव सायकलच्या कारखान्यात, घर भाड्याचं, आणि घरमालकीण अशी की 'चहा घेणार का' म्हणून एकदाच विचारायची. उल्काताई रीतीप्रमाणे 'नको नको' म्हणाल्या, की ती खुशाल आपल्यापुरता कप भरून निघून जायची. नाशिकला असं कोणी केलं असतं, तर त्या घराशी बोलणं टाकलं असतं. बाईंनी असे किती चहा हातचे घालवले, देव जाणे. तेव्हाच शहाणं व्हायचं ना माणसानं? पण नाही.

विन्स्टर मुळात लेसच्या व्यापाऱ्यांनी ऐटीत बांधलेलं, अगदी शहराच्या मध्यावर. पुढे लेस गेली, व्यापारी गेले, आणि जुगाराचा कायदा सैल झाला तसा मालकानं तळघरातल्या नाचाच्या हॉलमध्ये कॅसिनो थाटला. वरच्या खोल्या जुगाऱ्यांच्या झोपायच्या झाल्या. झोपायच्या आपल्या म्हणायच्या. हरलेल्या माणसाचा पलंग सकाळी जसाच्या तसा, चादरीला सुरकुती नाही, खिडकीशी मात्र सिगारेटच्या थोटकांचा ढीग. जिंकलेला सगळे टॉवेल भिजवून जमिनीवर टाकून जायचा. उल्काताईंनी दोघांचीही घाण निमूट उपसली. नाशिकच्या पत्रात त्या 'मोठ्या हॉटेलात आहे' एवढंच लिहीत. कॅसिनो हा शब्द सासूबाई वारल्या तरी त्यांच्या कानावर गेला नाही.

हेड हाउसकीपरची जागा जेव्हा जेव्हा रिकामी झाली, तेव्हा तेव्हा ती कुठल्यातरी गोरीला मिळाली. पुष्कळदा त्या गोरीला चादरीचे कोपरे दुमडायला उल्काताईंनीच शिकवलेलं असायचं. बाई कधी बोलल्या नाहीत. पण आयुष्यात एकच गोष्ट हवी होती त्यांना, ती ही. घर नको होतं, दागिना नको होता. ती जागा हवी होती.

जुगाराला आणखी मोकळीक देणारा नवा कायदा आला आणि विन्स्टरचं नशीब पालटलं. नव्या कंपनीनं ते विकत घेतलं, परांच्या बांधल्या, जवळजवळ सगळ्या जुन्या लोकांना रजा दिली. उल्काताईंना मात्र ठेवून घेतलं, जुन्या सामानातलं काय ठेवायचं नि काय फेकायचं ते बघायला. नवा मॅनेजर ग्रॅहम, त्यांच्या लेकीच्या वयाचा, स्वभावानं खरंच चांगला. लॉबीतलं खोटं छत उतरवलं तेव्हा आत प्लास्टरची फुलं निघाली, शाबूत. ती बघत बाई धुळीत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. इतकी वर्षं आपण यांच्याखालून बादल्या वाहिल्या, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळे भरले.

एका दुपारी दुसऱ्या मजल्यावर ग्रॅहमनं विचारलं, "उल्का, नव्या विन्स्टरच्या हेड हाउसकीपर तुम्हीच व्हावं असं मला वाटतं. व्हाल?"

बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हणायचं ना 'हो'? पण आपल्याकडे पहिल्याच फटक्यात 'हो' म्हणणारी बाई हावरट ठरते. त्या म्हणाल्या, "नो, नो, ग्रॅहम. मी कसली आता? म्हातारी झाले. एखाद्या तरुण मुलीला द्या."

आता त्यानं म्हणायचं, 'छे, तुमच्याशिवाय आहे कोण?' मग यांनी थोडे आढेवेढे घ्यायचे. मग त्यानं पुन्हा गळ घालायची, आणि मग यांनी 'बरं बाबा, एवढं म्हणताय तर' म्हणून कामाला लागायचं. त्या वाट बघत राहिल्या. ग्रॅहमचा चेहरा पडला. तो म्हणाला, "समजलं. स्पष्ट सांगितलंत, थँक यू."

घरी उदयराव म्हणाले, "मग परत कधी विचारणार आहे?"

"विचारेल की. त्याच्याशिवाय का राहतोय?" दोघंही एकाच मुशीतली.

लेक दिया शनिवारी कॉव्हेंट्रीहून आली. ती इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं, एका ऑफिसात एचआरमध्ये. ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "आई, तू नाही म्हणाला? मग संपला ना. तो परत विचारला तर ते प्रेशर होतो. उद्याच फोन कर आणि सांग, मला जॉब पाहिजे."

"मी मागायला जाऊ? माझ्या तोंडानं?" उल्काताईंचा पारा चढला. "तुला नाही कळायचं हे."

उद्घाटनाच्या आधी ग्रॅहमनं नव्या लॉबीत चहापान ठेवलं आणि उल्काताईंना सहकुटुंब बोलावलं. बघा, आलाच की नाही वळणावर? आता चारचौघांत विचारेल. बाई पैठणी नेसून गेल्या. समोर केक होता, आणि त्यावर क्रीमनं निवृत्तीच्या शुभेच्छा लिहिल्या होत्या. ग्रॅहमनं डोळ्यांत पाणी आणून त्यांच्या कष्टांचं कौतुक केलं. मग सांगितलं, नवी हेड हाउसकीपर मनीषा.

मनीषा म्हणजे नागपूरची, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. घरात बसून कंटाळलेल्या या पोरीला विन्स्टरमध्ये चिकटवून दिलं होतं उल्काताईंनीच. तिला विचारल्याबरोबर ती 'येस' म्हणाली होती.

टाळ्या थांबल्यावर उल्काताईंनी ग्रॅहमला खांबाआड गाठलं. "मला हवी होती ती जागा," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या.

तो गोंधळून गेला. "पण तुम्ही नाही म्हणालात, उल्का. तुमच्या शब्दावर वाद घालणारा मी कोण?"

चूक त्याची नव्हतीच, आणि त्याचाच बाईंना जास्त संताप आला. तो गेला. मनीषानं हे ऐकलं असावं, कारण ती लगबगीनं आली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. "काकू, मला खरंच माहीत नव्हतं. ही जागा तुमची आहे. मी आत्ता जाऊन त्याला सांगते, तुम्हीच व्हा हेड. सांगू?"

पोरगी मनापासून बोलत होती. 'हो, सांग' एवढे दोनच शब्द. उल्काताईंनी तोंड उघडलं.

"छे गं, वेडी का काय. मला कशाला आता? तूच कर."

म्हणून त्या थांबल्या. ही तर आपलीच, नागपूरची. ही तरी पुन्हा म्हणेल.

मनीषाचा जीव भांड्यात पडला. "थँक यू, काकू," ती म्हणाली, त्यांना घट्ट मिठी मारली आणि केक कापायला ग्रॅहमकडे गेली.